भक्तिगीतातला ‘मी’

आषाढीची वारी आटोपून गजानन महाराजांची पालखी परत फिरली, की तिचा अखेरचा मुक्काम आमच्या खामगावी पडतो. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून खामगाव ते शेगाव हा रस्ता माणसांनी भरून जातो. लहानपणापासून मी या रस्त्याने चालत आलो आहे. पुढे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हापासून कडेला उभा राहून पाहतो. पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. या रस्त्यावर गाणारे असतात, टाळकरी असतात, मृदंगवाले असतात. श्रोता असा मात्र कोणी नसतो. जो नुसते ऐकावे म्हणून जवळ येतो, तो चार पावलांत गाऊ लागतो. त्याला कोणी बोलावीत नाही; गाण्यातच त्याच्यासाठी जागा ठेवलेली असते.

माझ्या शेजारी त्या दिवशी आमचे मास्तर उभे असत. मास्तर ख्रिस्ती. शाळेतून निवृत्त झाल्यावर पालखीच्या दिवशी दारात पाण्याचे माठ भरून ठेवायचे, हा त्यांचा दरवर्षीचा नेम. दिंडी समोरून गेली की ते ओठांतल्या ओठांत काही गुणगुणत. चाल वारकऱ्यांचीच, पण शब्द निराळे. एकदा मी विचारले, “मास्तर, हा अभंग कुणाचा?” ते म्हणाले, “टिळकांचा.” मी चकित झालो. टिळक म्हणजे ‘केवढे हे क्रौर्य’चे टिळक, ‘वनवासी फूल’चे टिळक, आम्हांला शाळेत शिकविले गेलेले फुलांमुलांचे कवी. या टिळकांनी अभंग लिहिले आहेत आणि ते दर रविवारी माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे म्हटले जातात, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. उलट मास्तरांना टिळकांची पन्नासएक गीते पाठ होती. ‘वनवासी फूल’ त्यांनी वाचलेले नव्हते. एकाच कवीचे दोन तुकडे करून आम्ही वाटून घेतले होते.

या लेखाचे निमित्त मात्र टिळक नव्हेत, एक अमेरिकन अल्बम आहे. मास्तरांचा नातू गिटार वाजवतो. त्याने एके दिवशी माझ्या हाती मोबाइल दिला आणि म्हणाला, “आबा, आमच्या आजोबांच्या गाण्यांनी झोप येते. हे ऐका एकदा.” मी ऐकले; एकदा नव्हे, पुष्कळदा. त्यातून जे प्रश्न उठले ते येथे मांडतो.

अल्बम कीथ ग्रीन या गायकाचा. १९५३ साली जन्मलेला हा मुलगा अकरा-बारा वर्षांचा असतानाच डेक्का कंपनीने त्याच्याशी करार केला होता. बालगायक म्हणून तो काही फार चमकला नाही. ऐन विशीत भटकून, नाना पंथ धुंडाळून तो ख्रिस्ताकडे वळला, आणि १९७७ साली त्याची पहिली ख्रिस्ती तबकडी निघाली. स्वतः गीत लिहावे, स्वतः चाल लावावी, पियानोवर बसून स्वतः गावे, असा हा प्रकार. अमेरिकेत त्या सुमारास या धर्तीचा नवा प्रवाहच सुरू झाला होता. लॅरी नॉर्मन याने १९६९ मध्ये ‘अपॉन धिस रॉक’ काढून रॉक संगीतात येशूचे नाव आणले होते. १९७९ साली बॉब डिलनसारख्या कवीने ‘स्लो ट्रेन कमिंग’ काढून साऱ्या रसिकांना कोड्यात टाकले होते. कीथ ग्रीनच्या दोन तबकड्या खपल्या, नाव झाले. आणि नाव झाल्यावर या माणसाला एक बोचणी लागली: देवाचे गाणे विकायचे कसे? कंपनीच्या करारातून त्याने सुटका मागून घेतली आणि १९८० साली तिसरी तबकडी स्वतःच काढली. ‘सो यू वॉना गो बॅक टू ईजिप्त’ हे तिचे नाव. तिला किंमत ठेविली नाही. ज्याला जे परवडेल ते त्याने द्यावे, काहीच नसेल तर तशीच न्यावी. डिलनने तिच्यातल्या एका गाण्यात हार्मोनिका वाजविली आहे. पुढे दोनच वर्षांनी, १९८२ च्या जुलैत, विमान कोसळून ग्रीन दोन लहान मुलांसह मरण पावला. तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

अल्बमचे शीर्षकगीत विनोदी आहे, हे ऐकून मला प्रथम नवल वाटले. मिसर देशाच्या दास्यातून सुटून रानात आलेले इस्राएल लोक रोज आकाशातून पडणारा तोच तो मान्ना खाऊन कंटाळले आहेत; मान्न्याचेच नाना पदार्थ करून पाहताहेत, आणि दास्यातल्या कांदा-लसणाची आठवण काढून उसासे टाकताहेत. कवी त्यांची थट्टा करतो. पण थट्टेचा रोख चर्चमध्ये सुखाने बसलेल्या आजच्या माणसावर आहे. ही रीत आपल्याला परकी नाही. नाथांनी भारुडात हेच केले. दुसरे एक गाणे ‘रोमन्स सेव्हन’. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायावरचे. जे करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नको तेच होते, ही तिथली तगमग. तुकोबांचा स्वतःवरचा वैताग ज्याने वाचला आहे, त्याला या गाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

गाणारा आवाज खरा आहे. त्यात दिखाऊपणा नाही. पियानोवर पडणारा हात कुठे कुठे रागावल्यासारखा पडतो, आणि तो राग गाणाऱ्याचा स्वतःवरचाच आहे हे कानाला कळते. तरीही तबकडी संपली की मला दर वेळी एकच जाणीव होई: एका भल्या माणसाची कबुली मी ऐकली. त्याची. माझी नव्हे. पालखीच्या रस्त्यावर जे चार पावलांत घडते, ते येथे चाळीस मिनिटांत घडले नाही. हे असे का व्हावे? परकी भाषा, परके वाद्य, परका धर्म, ही उत्तरे सोपी आहेत; मला ती पुरेशी वाटत नाहीत. कारण ख्रिस्ती गीत, तेही परक्या चालीवरचे, आमच्या वऱ्हाडात काही काल आलेले नाही.

वऱ्हाडात अकोला, खामगाव, बुलढाणा या बाजूला ज्या अमेरिकन मिशनने काम केले, ते ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. त्याचे संस्थापक डॉ. ए. बी. सिम्प्सन (१८४३–१९१९) हे स्वतः गीते रचीत. त्यांचा काळ म्हणजे मूडी आणि सँकी या जोडीचा काळ. मूडीने व्याख्यान द्यावे आणि सँकीने पायपेटीवर बसून, बहुधा स्वतःच्याच चालीत, गावे. ते त्या काळचे लोकप्रिय संगीतच होते. सोपे ध्रुपद, पाय ठेका धरील असा ताल, डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट. आज ज्याला पॉप म्हणतात त्याच्या आणि या गीतांच्या जातकुळीत फार अंतर नाही. मिशनरी आले ते ही गीते घेऊन आले, आणि मराठीत त्यांची भाषांतरे झाली. मराठी उपासनेत ती आजही गाइली जातात.

या भाषांतरांशी मी काही रविवार मास्तरांच्या शेजारी बसून झगडलो आहे. दोष भाषांतरकारांच्या भक्तीत नव्हता, अक्षरांच्या हिशोबात होता. इंग्रजी गीताची ओळ आघातावर चालते, आणि तिचे शब्द बहुधा एका-दोन अक्षरी असतात. मराठी शब्द विभक्ती आणि शब्दयोगी पोटात घेऊन लांब होतो. इंग्रजीत ‘त्याच्यासाठी’ म्हणायला दोन तुटक ठोके पुरतात. मराठीत ‘तारणाऱ्यासाठी’ म्हणायला सहा अक्षरे लागतात. ही सहा अक्षरे तीन ठोक्यांच्या जागेत कोंबली, की दीर्घ स्वर ऱ्हस्वासारखा उरकावा लागतो आणि भलत्याच अक्षरावर जोर पडतो. मंडळी गात असते, पण पेटीच्या मागे धावत असते.

आता हाच शब्द अभंगात घालून पाहा. मोठ्या अभंगाचे चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारांचा. ‘तारणाऱ्यासाठी’: एक चरण पुरा झाला! जो शब्द इंग्रजी चालीत अडला, तो येथे घरच्यासारखा बसला. ही काही किमया नव्हे. अभंग मराठी शब्दाच्याच अंगलोटावर बेतलेला आहे. त्यात ऱ्हस्वदीर्घाचा काच नाही. गाणारा हवे ते अक्षर लांबवू शकतो. शेवटचा आखूड चरण तर मला नेहमी उंबरठ्यासारखा वाटतो. तेथे ओळ लवकर थांबते, उरलेली जागा टाळ भरून काढतो, आणि ज्याला शब्द येत नव्हते त्याला तेवढ्या वेळात ते आलेले असतात.

ही जागा टिळकांनी ओळखली. नारायण वामन टिळक १८६१ साली कोकणात करजगावी जन्मले. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत असता, १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना बायबल वाचावयास दिले. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची वर्षे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. या सगळ्याची घरच्या बाजूने सांगितलेली हकीकत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे, आणि ती ज्याने वाचली नसेल त्या मराठी वाचकाचा मला हेवा वाटतो, त्याचे ते वाचन अजून व्हायचे आहे.

टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर काही नवे गाणे उसने आणले नाही. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामांच्या पुलावरून, असे ते म्हणत. पुलावरून आलेला माणूस पुष्कळदा पलीकडे पोचल्यावर पूल मोडून टाकतो. टिळकांनी तो मोडला नाही. त्यावरून दुसऱ्यांची ये-जा सुरू केली. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी कीर्तनाची वाट आधीच पाडलेली होती. तिच्याही आधी, तीनशे वर्षांपूर्वी, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने गोव्यात दहा हजारांवर ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले होते. ते १६१६ साली राचोलला छापले गेले. तेव्हा ख्रिस्ताची कथा मराठी छंदात सांगणे हा टिळकांचा शोध नव्हे. त्यांचा शोध निराळा आणि सूक्ष्म आहे. स्टीफन्सने ओवीतून कथा सांगितली. टिळकांनी अभंगातला ‘मी’ घेतला.

हा ‘मी’ मोठा विलक्षण आहे. तुकोबा स्वतःचे दुःख सांगतात, देवाशी भांडतात, स्वतःला नावे ठेवतात. शेवटी ‘तुका म्हणे’ अशी सहीही करतात. इतके खासगी लिहिणे साऱ्या मराठी वाङ्मयात विरळा. आणि तरीही शेगावच्या रस्त्यावरची निरक्षर बाई ‘तुका म्हणे’ म्हणते, तेव्हा ती तुकारामाची गोष्ट सांगत नसते, स्वतःची सांगत असते. ती सही मालकीची नसते. दाराची कडी असते, जो येईल त्याने उघडावी. टिळकांनी हे नेमके हेरले. त्यांच्या अभंगांत ‘टिळक म्हणे’ असे येत नाही, ‘दास’ येतो. मंडळीतला प्रत्येक जण दासच. मग सही कोणाचीही होऊ शकते. ख्रिस्ताला ते गुरू म्हणतात, माउली म्हणतात. ‘माउली’ हा शब्द ख्रिस्तशास्त्राच्या पोथ्यांतून आलेला नाही. तो आळंदी-पंढरीच्या वाटेवरून आला. तो आला आणि आपल्याबरोबर रुसणे, हट्ट करणे, कुशीत शिरणे, हा सगळा परिवार घेऊन आला. ख्रिस्ताशी मराठीत रुसता येऊ लागले ते टिळकांमुळे.

टिळकांची सगळी गीते सारख्या मोलाची आहेत, असे मी म्हणणार नाही. मंडळीला हवे म्हणून, सणाला हवे म्हणून लिहिलेली पुष्कळ आहेत, आणि त्यांत उपदेश कवितेवर बसलेला दिसतो. संस्कृत समास कुठे कुठे जड होतात. पंडित डोके वर काढतो. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ तर त्यांच्या हातून थोडेच झाले. बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी पुरा केला. पण उत्तम अभंगांत टिळक स्वतः दिसेनासे होतात, आणि हीच त्यांची कमाई आहे. ज्याला आपण फुलांमुलांचा कवी म्हणतो तोही हाच. मरत असलेल्या पाखराच्या जागी जाऊन बोलणारा, रानातल्या फुलाच्या जागी उभा राहणारा जो कवी, तोच मंडळीतल्या अडाणी माणसाच्या जागी उभा राहून अभंग म्हणतो. दुसऱ्याच्या तोंडाने बोलण्याची ही शक्ती एकच आहे. शाळेच्या पुस्तकात तिचा एक अर्धा भाग गेला, ‘उपासना संगीता’त दुसरा, म्हणून ती पुरी कोणालाच दिसली नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात यावे, अशी कल्पना होती. पगार सोडून देणारे टिळक आणि तबकडीची किंमत काढून टाकणारा कीथ ग्रीन मला येथे एकमेकांजवळ येताना दिसतात. दोघांनाही एकाच गोष्टीचा सल होता: देवाचे नाव घेताना मध्ये व्यवहार नको. दोघांच्याही हाती मग फार वर्षे उरली नाहीत. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. त्याच साली ऑक्टोबरात डॉ. सिम्प्सनही गेले.

मग इतके साम्य असता एकाचे गाणे रस्त्यावर उतरते आणि दुसऱ्याचे कानाशी थांबते, याचे कारण काय? मला वाटते, याचे उत्तर गाणाऱ्यापेक्षा तबकडीत शोधावे. आणि ते शोधायला अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. आमच्या जिल्ह्यातल्या मेहकरला गेले तरी पुरे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गाइली, तिची तबकडी निघाली, आणि मराठी भावगीताचे युग सुरू झाले असे मानतात. मेहकरच्या रानातली ती शीळ मुंबई-पुण्याच्या माडीवर ऐकू गेली, हे तबकडीचे ऋण आहे. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण तबकडीने गाण्याचे मापही ठरविले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे. त्यात एक आवाज, एक मनःस्थिती, एक सुबक शेवट. प्रेमाच्या गाण्याला हे माप फार मानवले, कारण प्रेम ही दोघांतली गोष्ट. तिसऱ्याने ती चोरून ऐकण्यातच गंमत. भक्तीचे तसे नाही. भक्तिगीतातल्या ‘मी’ला दुसऱ्याची जीभ लागते. तबकडी त्याला एकच जीभ देते, आणि तीही गाणाऱ्याची. गीताला कर्ता मिळतो, वेष्टनावर छबी येते, आवाजाच्या खास लकबी कोरल्या जातात. आणि त्या लकबींसकट जे म्हणता येत नाही, ते आपण म्हणत नाही, ऐकतो.

हे मी जरा ताणून तर बोलत नाही ना, अशी शंका आल्यावर मी पुन्हा ग्रीनच्या अल्बमकडे वळलो. आणि त्या अल्बमनेच मला दुरुस्त केले. त्यात ‘ओ लॉर्ड, यू आर ब्यूटिफुल’ नावाचे एक गाणे आहे. विनोद नाही, कोटी नाही, चाल जवळजवळ सपाट. तबकडी म्हणून ऐकावे तर इतर गाण्यांहून फिके. पण ग्रीनच्या पश्चात ठिकठिकाणच्या मंडळ्यांनी जे उचलले ते हेच. ‘रोमन्स सेव्हन’ऐवजी हेच का? पहिल्या गाण्यात ग्रीन स्वतःच्या तगमगीचे चित्र काढतो. चित्र जिवंत आहे, पण त्यात शिरायला वाट नाही. दुसऱ्यात तो फक्त दारात उभा राहतो आणि एक मागणे मागतो. मागणे इतके साधे की ते कोणीही मागावे. ओळी आखूड, मध्ये श्वासाला जागा. सहा-सहा-सहा-चारचे गणित त्याला कोणी शिकविले नव्हते. पण ज्या गरजेतून आपल्याकडे तो चौथा चरण आखूड झाला, ती गरज त्यालाही कुठे तरी भेटली असावी.

म्हणजे दोष पियानोचा नाही, गिटारचा नाही, पॉपचाही नाही. सँकीची चाल त्या काळी पॉपच होती, आणि कीर्तनातली साकी-दिंडीही आपल्या काळची लोकप्रिय चीजच होती. प्रश्न एवढाच की, गीतातला ‘मी’ गाणाऱ्याने स्वतःपुरता भरून टाकला आहे, की दुसऱ्यासाठी थोडा रिकामा ठेविला आहे. भरलेला ‘मी’ मोठा कलावंत देऊ शकतो; रिकामा ठेविलेला ‘मी’ मंडळी देतो. क्वचित एखादा तुकाराम दोन्ही देतो. ही कसोटी ख्रिस्ती गीताला लावावी तशीच ती आपल्या अभंगांना, भावगीतांना, देवीच्या जागरणातल्या नव्या गाण्यांनाही लावावी.

दोन वर्षांपूर्वी मास्तर वारले. त्यांच्या मातीला आम्ही गल्लीतले सगळे गेलो होतो. नातवाने आणि त्याच्या दोन मित्रांनी कबरीशी उभे राहून गिटारवर एक नवे गीत म्हटले. बरे म्हटले, मुलाचा आवाज मध्येच कापला, तेव्हा आमच्याही घशाशी आले. आम्ही माना खाली घालून ऐकत होतो. ऐकण्यापलीकडे आम्हांला काही करता येण्यासारखे नव्हते. गीत संपले, पाळकांनी प्रार्थना केली. मग मास्तरांच्या बहिणीने, ऐंशीच्या पुढच्या त्या बाईने, कोणाची वाट न पाहता टिळकांचा अभंग धरला. तिचा सूर जागेवर नव्हता. पहिला चरण ती एकटी म्हणाली. दुसऱ्या वेळी मंडळीने उचलला. तिसऱ्या वेळी माझ्या शेजारचा माळकरी, ज्याने जन्मात ‘उपासना संगीत’ पाहिलेले नाही, शेवटचा आखूड चरण म्हणू लागला होता, आणि मीही. आम्ही मास्तरांसाठी काही तरी केले, असे त्या एका घटकेपुरते वाटले.

हे सगळे मी पुढे नातवाला सांगितले, आणि जरा विजयी स्वरात सांगितले असावे. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “आबा, खरं सांगा. तुमच्या घरी तरी कोनी म्हन्ते काय आता अभंग? सकाळी तर मोबाइलच वाजते.”

मला उत्तर देता आले नाही. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणे; आई दिवेलागणीला हरिपाठ म्हणे. माझ्या घरी रोज सकाळी भीमसेन जोशींचे अभंग लागतात. ते गाणे थोर आहे. मी डोळे मिटून ऐकतो, एखाद्या तानेला मान हलवितो, चहा घेतो. तुकोबांचा अभंग माझ्या घरात रोज येतो आणि माझ्या जिभेला न शिवता निघून जातो. ज्या गोष्टीबद्दल मी त्या पोराच्या अल्बमला नावे ठेवीत होतो, ती मी स्वतः गेली कित्येक वर्षे करीत आलो होतो. फरक इतकाच की, माझ्या तबकडीवर विठ्ठल होता.

म्हणून या लेखाचा शेवट निवाड्याने करण्याचा अधिकार मला नाही. एक सूचना मात्र करतो. टिळकांचे अभंग काढावेत आणि त्यांच्या निसर्गकवितेशेजारी ठेवून वाचावेत. ख्रिस्ती वाचकांनी फुलांचे टिळक वाचावेत, इतरांनी ‘दास’ वाचावा. कीथ ग्रीनही जरूर ऐकावा; तो ऐकण्याजोगा आहे. पण टिळकांचा अभंग वाचण्याआधी तो एकदा मोठ्याने म्हणून पाहावा; घरात कोणी नसताना म्हटला तरी चालेल. सूर जागेवर नसला तरी बिघडत नाही. मास्तरांच्या बहिणीचाही नव्हता.